सालेमचं आवतण

मोऱ्याच्या धक्क्यावर मचवा गाळात बसला होता आणि भरती यायला अजून बराच वेळ होता. कॉलेज सुरू व्हायचं म्हणून मी आणि कमळ मुंबईला परत निघालो होतो. अंधार पडला तरी आम्ही आपल्या वळकट्यांवर बसूनच. सोबतीला कमळचे शेजारी, नामाकाका. मिठागरावरचे जुने राखणदार. कमळचा भाऊ रामचंद्र नोकरीसाठी एडनला जायचा होता, त्याचंच बोलणं चाललं होतं.

"तिथं ओळखीचं कोणी नाही, म्हणून घाबरलाय तो," कमळ म्हणाली.

नामाकाकांनी विडी दगडावर विझवली. "वळख व्हते गं बाय. वळख झाल्यावर त्या मान्साला कवा नि कसं बोलवायचं, ते ठावं पायजे."

"म्हणजे?"

 मग त्यांनी जे सांगितलं ते पुढे लिहिते आहे. बोली त्यांच्यासारखी उतरली नसेल, पण गोष्टीत माझं काही घातलेलं नाही.

*

साल एकोणीसशे तेहेतीस, वैशाख वद्य पंचमी. आमच्या आळीतल्या रघूच्या बहिणीची, ठमीची, हळद होती. ऊन उतरलं तसा रघू माझ्याकडे आला. "नामाकाका, चला, आवडाबाईला घेऊन येऊ."

आवडाबाई म्हणजे धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात धवले गाऊन सगळे विधी तीच करते. भटजी उशिरा आला तर चालतं. ती आली नाही तर नवरीला हळद लागत नाही. ती राहायची खाडीपल्याडच्या गावात. आम्ही मिठागराच्या बांधाबांधानं निघालो. वारा छान सुटला होता. रघू खुशीत होता, सारखा बोलत होता. कितीतरी वर्षांनी एडनहून आलेला ना तो!

एडनला आपल्यासारखीच मिठागरं आहेत. पाऊस नावाला, त्यामुळे वर्षभर मीठ पिकतं. इकडच्या एका शेटजीनं आमची काही माणसं तिकडे नेली, त्यात रघू. शहर एवढं थोरलं की बंदरात कुठकुठल्या मुलखांच्या आगबोटी, रात्रभर विजेचे दिवे, रस्त्यात अरब, सोमाली, गोरे, गुजराती, सगळे. पण रघूशी बोलणारं कोणी नाही. बरोबरची माणसं आजारी पडून परतली. हा खोलीत एकटा. भिंतीशी बोलायचा. "काका, माजाच आवाज मना पारखा वाटाया लागलेला," म्हणाला.

मग एक दिवस त्याचे पाय फुटले. खारं पाणी जखमांत शिरलं, उभं राहवेना. बाकीचे बघत होते. पलीकडच्या वाफ्यातला एक उंच अरब आला, काही न बोलता त्याला पाठुंगळी घेऊन खोलीवर गेला. पाय धुतले गोड्या पाण्यानं. तिथं गोडं पाणी विकत घ्यावं लागतं, पोरींनो! धुतले नि आपल्या पायांसारखेच फडक्यांत गुंडाळले. तो सालेम.

पुढे दोघांची अशी गट्टी जमली की अर्धं अरबी, अर्धं आगरी बोलायचे. सालेम रोज पहाटे दाराशी येऊन ओरडायचा, "रगू, उठलास का रं?" त्याच्या म्हाताऱ्या आईच्या हातचं रघू जेवायचा. ठमीचं लग्न ठरल्याचं कळलं तेव्हा सालेम म्हणाला, "मना आवतन दे हां!" पण त्याला रजा मिळाली नाही, बोटीचं भाडंही परवडणारं नव्हतं. धक्क्यावर निरोप देताना हिरमुसला होता बिचारा.

"मी त्याला सांगून आलोय काका, मांडवात तुजं नाव घेनार म्हनून."

मला वाटलं, मैत्रीतलं बोलणं. मी म्हटलं, "घे की."

आवडाबाई अंगणातच बसली होती. रघूला बघून म्हणाली, "आलास व्हय एडनवाल्या? येवढा काला झालास, आयशीनं वळखला तरी कसा?"

"हाक मारली तसा वळखला," रघू हसला.

"आनि आता लगीन कुनाचं, तुजं की बहिनीचं? तुजं असंल तर मी येक लुगडं जास्त घेईन."

असं हसत-खिदळत आम्ही दिवेलागणीला घरी आलो.

आता नीट ऐका. हळदीच्या रात्री धवलारीण आवतण घालते. आधी गावदेवीला, समुद्राला, मग त्या घराच्या माणसांना. घरचा कर्ता तिच्यासमोर पाटावर बसून एकेक सुपारी तिच्या हातात देतो आणि एकेक नाव सांगतो. ती ते नाव धवल्यात गाते, मांडवाखाली बोलावते. ही नावं असतात गेलेल्यांची. बाप, आजी, लहानपणी गेलेलं भावंड. शुभकार्यात ते आशीर्वादाला येतात, दिसलेच तर बोलावणाऱ्याला, दुसऱ्या कोणाला दिसत नाहीत, आणि त्यांची पाठवणीही तिलाच करावी लागते. नावामागचं माणूस कोण, हे ती विचारत नाही. हळदीच्या दिवशी ते विचारणं अशुभ.

आणि आम्ही पुरुष तेव्हा बाहेर ताडीला बसलेलो असतो. रघूचा बाप होता तोवर रघू कधी त्या पाटावर बसला नव्हता. त्याला एवढंच ठाऊक, की येऊ न शकणाऱ्या आपल्या माणसांची नावं तिथं घेतात.

त्यानं बापाचं नाव दिलं. आजीचं दिलं. मग आणखी एक सुपारी पुढे केली. "सालेम."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आवडाबाईनं मात्र सुपारी घेतली, डोळे मिटले, आणि गायली. मी बाहेरून ऐकलं. नाव तिच्या गळ्यात नीट बसेना, तरी तिनं ते तीनदा घेतलं. दुसऱ्या नावांना एकदाच. का, ते तिलाच ठाऊक.

पंगत बसली. गॅसबत्ती भणभणत होती. आवतण घातलेल्यांची पानं मांडवाच्या कोपऱ्यात वेगळी वाढतात, तिकडे पाठ करून कोणी बसत नाही. रघू भाताचं भांडं घेऊन फिरत होता. फिरत फिरत कोपऱ्याशी गेला...

आणि आनंदानं ओरडला, "अरे! आलास?"

भांडं खाली ठेवून तो पानासमोर मांडी घालून बसला. हसतोय, अरबीत काहीतरी विचारतोय, मध्येच आगरीत. "कंच्या बोटीनं आलास? पैसं कुनी दिलं? आये, ए आये, बघ कोन आलाय!"

त्याची आई, बायजा, धावत आली. "कुनाशी बोलतंस रं?"

"हा काय सालेम! बघ ना, पाय कसं फडक्यात..."

बायजानं कोपऱ्यात बघितलं. आम्ही सगळ्यांनी बघितलं. पान होतं. भात होता. समोर कोणी नव्हतं.

ताडी चढली म्हणून दोघे-तिघे हसले. आवडाबाई हसली नाही. ती उठली, आणि तिच्या हातातला तांब्या आपटत गेला तो थेट उंबऱ्यापर्यंत. तिनं रघूचं मनगट धरलं.

"हा सालेम... कवा गेला?"

"गेला? कुटं जाईल? निघालो तवा माज्या समोर तर धक्क्यावर उभा होता. जित्ता हाय तो."

आवडाबाईच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मी बत्तीच्या उजेडात पाहिलं. "जित्त्या मान्साला आवतन दिलंस? मेल्या, जित्ता मानूस कसा येल? अंग तिकडं टाकूनच येल ना?"

 एक घास कोणाच्या हातानं उचलला जाईना.

रघूनं कोपऱ्याकडे पाहिलं. त्याचं हसू अजून तोंडावर होतं, पण डोळे... डोळे वेगळे झाले होते. "काका," तो म्हणाला, "तो बोलत न्हाय. मगापास्नं नुसता हसतोय."

आवडाबाईनं त्याला बाजूला नेऊन सांगितलं. उजाडायच्या आत त्याला पाठव. उजेडात वाट दिसत नाही त्यांना. अंग तिकडे थंड पडलं की परत जायला जागा राहत नाही. आणि माझं गाणं त्याला कळायचं नाही. तूच बोलावलंस, तूच पाठवायला पाहिजे. खाडीपर्यंत ने. पाण्याशी उभा राहा आणि सांग, मी तुला ओळखत नाही. मनापासून सांग. त्याला पटलं पाहिजे.

"पावन्याला? जेवत्या पानावरनं उठवू?"

"मग मरू दे त्याला."

रघू पानाकडे वळला.

"आनि आयक. येकदा बोललास की ते परत घेयाचं न्हाय. उद्या न्हाय, धा वर्सांनी न्हाय. पुन्ना वळख दावलीस तर पुन्ना येल. अंग टाकून येल."

कंदील घेऊन सोबत जायला कोणी तयार होईना. मी गेलो. आवडाबाईनं मला बजावलं होतं, मागे बघायचं नाही, बोलायचं नाही.

मी पुढे. माझ्यामागे रघू. त्याच्यामागे...

चंद्र नुकताच वर आला होता. दोन्ही बाजूंना मिठाचे वाफे. पांढरे. सगळं पांढरं. वारा पडला होता. रघूच्या पायांचा आवाज मला ओळखू येत होता, चपट् चपट्. थोडं पुढे गेलो. आणि मग दुसरा आवाज ऐकू आला. फडक्यात बांधलेला पाय मिठाच्या कुरकुरीत थरावर पडावा, तसा.

करर्र... करर्र...

मी थांबलो की रघू थांबायचा. तो आवाज मात्र एक पाऊल जास्त पडायचा. मग थांबायचा.

माझ्या उजव्या हाताला पाणी भरलेला वाफा होता. त्यात चंद्र होता, कंदील होता, मी होतो, रघू होता. मी मान वळवली नव्हती, पोरींनो. नुसतं पाण्यात दिसलं. रघूच्या खांद्यावर कोणीतरी हात ठेवावा तसा त्याचा सदरा एका जागी चुरगळलेला होता.

हात नव्हता.

खाडी आली. भरती लागलेली. मी कंदील खाली ठेवला. रघू वळला.  मला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"सालेम," तो म्हणाला.

...

"सालेम, तू घरी जा."

काहीच नाही. खाडीचं पाणी दगडांना लागत होतं तेवढंच.

"जा ना रं... आये थांबली असंल तुजी..."

करर्र. एक पाऊल. जवळ आलं.

मला बोलायचं नव्हतं. मी रघूच्या पाठीत कोपर मारलं.

आणि मग तो ओरडला. असा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता. "कोन तू? कोन रं तू? मी न्हाय वळखत तुला! माज्या मांडवात कशाला आलास? कुनी बोलावलं तुला?" अरबीतही काहीतरी ओरडला, तेच असेल. पुन्हा. पुन्हा. शेवटी शेवटी शब्द फुटत नव्हते, नुसता घसा.

मग तो थांबला.

आम्ही ऐकत राहिलो.

बराच वेळ.

करर्र... बाजूनं. आमच्या जवळून, पाण्याकडे. मग चिखलाचा आवाज. मग पाण्याचा. मग तोही नाही.

रघू तिथंच चिखलात बसला. "काका, त्याचं त्वांड..." एवढंच म्हणाला. पुढे मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठमीचं लग्न लागलं. गोरज मुहूर्त होता. रघू सगळ्यांशी नीट वागला. आणि मिळाली त्या बोटीनं एडनला गेला.

पुढच्या वर्षी रजेवर आला तेव्हा बाकीचं त्यानं मला सांगितलं. एडनला उतरल्या उतरल्या तो सालेमच्या घरी पळत गेला होता. सालेम दाराशी बसला होता. जिवंत. धडधाकट. रघूला हुंदका आवरेना. म्हातारी आई रघूच्या गळ्यात पडली.

सालेम आईला म्हणाला, "हा कोण?"

त्याला सगळं आठवत होतं. मिठागर, मुकादम, कुठली बोट कधी लागते ते. फक्त रघू आठवत नव्हता. म्हातारी सांगायला लागली, अरे, हा तुझा रघू. तो आपला बघत राहिला, परक्या माणसाकडे बघावं तसा, अदबीनं.

आणि रघूनंही म्हातारीला थांबवलं. "आई, तुमची काहीतरी चूक होतेय," म्हणाला. "मी नवीन आहे इथं."

म्हातारी मागे सरकली. मग तिनं परक्याला सांगावं तसं सांगितलं. एका रात्री बसल्या बसल्या पोरगा कलंडला. अंग गार. शेजारी म्हणाले, गेला, आता न्हाऊ घाला. ती हात लावू देईना. पूर्ण दिवस तसाच. दुसरी रात्र पडली नि त्यानं डोळे उघडले. उजव्या हाताची मूठ मात्र तोवर कोणाला उघडता आली नव्हती. ती त्यानं स्वतःच उघडली.

सालेम आत जाऊन एक पुरचुंडी घेऊन आला. रघूसमोर सोडली. "तू हिंदुस्थानचा दिसतोस," म्हणाला. "हे काय असतं, ठाऊक आहे का तुला? मी सगळ्यांना विचारतो."

तांदळाचे दाणे होते. चार-पाच. कुंकवानं लाल केलेले.

रघू म्हणाला, "नाही. मला नाही ठाऊक."

*

नामाकाका थांबले. कमळनं माझा हात घट्ट धरला होता, की मी तिचा, आता सांगता येणार नाही.

"अक्षता," मी म्हणाले. "म्हणजे तो खरंच मांडवात आला होता."

"आला व्हता. त्याची पावलं तर मी आयकलीच." त्यांनी विडी काढली, पण ती पेटवली नाही. "पन बाय, त्याला आमी हलदीच्या राती घालवला. अक्षता दुसऱ्या दिशी पडल्या, तिनीसांजंला. त्याच्या आदी तांदुल लाल केलंच नव्हतं. आवडाबाईनं लगनाच्या दिशी माज्या समोर कुकू कालवलं..."

 खाली मचव्याखाली पाणी शिरायला लागलं होतं.