टाळू

पेटी आली तो शुक्रवार होता. अंबाबाईला जाऊन, प्रसादाची साखर तोंडात टाकून मी नेहमीसारखी अनवाणीच शाळेत आले होते. देवीचं दर्शन झाल्याशिवाय पाणीसुद्धा प्यायचं नाही, हा नेम मी लग्नानंतर तिसऱ्या वर्षी धरला. कशासाठी, ते सांगायला नको. घरात पाळणा हलला नव्हता, आणि पुढंही हलला नाही.

शाळा म्हणजे दवाखान्यामागच्या दोन कौलारू खोल्या. खेड्यापाड्यांतल्या मुली तिथं बाळंतपण करायला शिकत आणि त्यांना मी शिकवत असे. माझी रीत एकच. गरोदर बाईच्या पोटावर मुलीचा हात, त्यावर माझा हात. ही पाठ, हे डोकं, हा पाय. दाबायचं नाही, हातानं ऐकायचं. कितीतरी मुली माझ्या हाताखालून अशा गेल्या.

पेटीतून रबराची बाई निघाली. बाई म्हणजे कमरेपासून मांड्यांपर्यंतचीच. डोकं नाही, हात नाहीत. पोटावर कातडी झाकण, ते बटणांनी उघडायचं. आत रबरी बाहुली ठेवायची आणि मुलींनी ती नीट बाहेर काढायची. बाहुलीच्या डोक्यावर टाळूची जागासुद्धा केलेली होती. शंकरपाळ्याएवढी खाच. डोकं कोणत्या अंगानं येतंय ते बोटाला कळावं म्हणून.

पेटीमागोमाग हाफिजा आली. हुपरीच्या शिकलगारांची, माझीच विद्यार्थिनी. पहिल्यांदा पोटावर हात ठेवायला ती बिचकली तेव्हा तिचा हात मीच धरला होता. आता मुंबईला जाऊन ती ही नवी पद्धत शिकून आली होती आणि शाळेची मुख्य शिक्षिका झाली होती. मोठे डॉक्टर म्हणाले, आता मुलींच्या चुका रबरावर होतील, जित्या बाईवर नाहीत. खरंच होतं ते. मी मान हलवली.

हाफिजा शिकवायला लागली की मुली तिच्यावर नुसत्या ओणव्या होत. चहाच्या वेळी तिच्याभोवती कोंडाळं. "आक्का, तुम्ही दमला असशीला," म्हणून मला खुर्ची देत. खुर्ची खिडकीपाशी, लांब असायची. तिथून मला हाफिजाची पाठ दिसे, आणि ती वळली की पोट. लग्नाला वर्ष झालं नव्हतं आणि तिला दिवस गेले होते. नेम नाही, उपास नाही. मिळायचं त्याला असं मिळतं.

सातव्या महिन्यात मुलींनी शाळेतच तिची ओटी भरायचं ठरवलं. हिरव्या बांगड्या आणल्या, शेवंतीची वेणी आणली. पहिली ओटी आक्कांनीच भरायची, असं हाफिजानं आधीच सांगून ठेवलं होतं. मी खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू घेऊन पुढं झाले, तशी दारातून आमची आया धोंडुबाई म्हणाली, "पयली ओटी लेकुरवाळीनं भरावी बाई. रीत हाय ती. आक्का मागनं भरतील की."

खोलीत बांगड्यांचा आवाज थांबला.

"ह्या हातांनीच मला शिकवलंय," हाफिजा म्हणाली. "त्याच भरणार."

तिनं माझी बाजू घेतली, तेच मला सोसलं नाही. धोंडुबाईचं बरोबर आहे म्हणाले आणि ताट घेऊन मागं सरले. ओटी धोंडुबाईनं भरली. सगळ्या पुन्हा हसायला-बोलायला लागल्या.

भरलेलं ताट तसंच घरी न्यायचं नसतं. मी पलीकडच्या खोलीत गेले. रबराची बाई टेबलावर पडली होती, उघडी, खिडकीच्या उन्हात. रोज बाळंत होत होती बिचारी, पण तिची ओटी कुणी भरली नव्हती. मी तिला हळदकुंकू लावलं. पोटावर खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळभर तांदूळ घातले. ओटी भरताना जे म्हणायचं असतं ते म्हटलं, "लेकुरवाळी हो."

दिलेली ओटी परत घेत नाहीत. सकाळी आले तर खण होता, तांदूळ होते, नारळ तेवढा नव्हता. धोंडुबाईनं नेला असेल, असं वाटलं.

त्या दिवशी बाहुली आत जाईना. मुलींनी पावडर लावून पाहिली, झाकण पुरं उघडून पाहिलं. बनाबाई नावाची शिरोळची दांडगी पोरगी होती, ती घामाघूम झाली. "सिस्टर, जागाच न्हाई की आत," म्हणाली. हाफिजानं हसून झाकणाखाली हात घातला. मग तिचं हसू कमी झालं. रबर उन्हानं फुगलं असेल म्हणाली आणि त्या दिवसापासून फळ्यावरच शिकवायला लागली.

त्याच दुपारी ती माझ्याकडं आली. मुलींना बाहेर पाठवून तपासायच्या टेबलावर आडवी झाली.

"आक्का, कालपासनं हलत न्हाई वो. जरा बघा."

पुष्कळ दिवसांनी कुणी मला हात लावायला सांगितलं होतं. मी नळी टेकवून कान लावला. ठोके होते, नीट होते. पाठ लागली, डोकं लागलं. पण पोर जसं ठेवलं तसं पडून होतं. पोटातलं मूल हाताला उत्तर देतं. ढोसलं की सरकतं, लाथ मारतं. हे सरकलं नाही. ढोसलं तिथं तेवढं दबलं, आणि हात काढल्यावर हळूच परत वर आलं.

सगळं चांगलं आहे, असं मी तिला सांगितलं. ठोके तर चांगलेच होते.

ती गेल्यावर मी पलीकडच्या खोलीत गेले. बाहुली फळ्याखाली पावडरच्या डब्याशेजारी पडली होती. रबराच्या बाईच्या पोटाचं झाकण बंद होतं. हळदकुंकू कुणी पुसलं नव्हतं.

मी हात ठेवला. पोट कोमट होतं. ऊन केव्हाच भिंतीवर गेलं होतं.

ही पाठ. हे डोकं.

मी ढोसलं नाही. नुसता हात ठेवला. आतून एक पाय माझ्या तळव्याला लागला, थांबला, आणि पुन्हा लागला.

मी झाकण उघडलं नाही.

हाफिजाला दिवस भरल्यावर भर दुपारी कळा सुरू झाल्या. तिनं मलाच बोलावलं. बाळंतपण सोपं झालं. मुलगी. जरा उशिरा रडली, पण रडली. वजन चांगलं, रंग चांगला, अंग गुळगुळीत. मी तिला पुसलं, आणि पुसताना सवयीनं बोट डोक्यावर गेलं.

बोट फिरलं, पुन्हा फिरलं.

डॉक्टर म्हणाले, एखाद्या मुलाची हाडं जुळून येतात, वाढेल तसं बघू. पोर दूध पिते, झोपवलं की झोपते, ठेवलं तिथं पडून राहते. फार शांत आहे, असं शेजारणी हाफिजाला म्हणतात.

तिसऱ्या दिवशी मी तेलाची वाटी घेऊन गेले, तर हाफिजा पोरीला मांडीवर घेऊन बसली होती. तिचं बोट त्या डोक्यावरून फिरत होतं. पुढून मागं, मागून पुढं.

"आक्का," ती म्हणाली, "हिची टाळू कुठं भरायची वो?"

मी वाटी खाली ठेवली.

हाफिजा परत शिकवायला आली नाही. मुली पुन्हा माझ्या हाताखाली आल्या. रबराच्या बाईचं पोट हाफिजा बाळंत झाली त्या दिवसापासून सैल पडलंय, त्यावर बारीक पांढऱ्या रेघा उठल्यात. रबर जुनं झालं की असं होतं, म्हणतात. मुंबईहून नवी बाहुली आली. जुनी फेकून देऊ का, असं बनाबाईनं विचारलं. मी म्हटलं, राहू दे.

ती माझ्या घरी, कपाटात, खणात गुंडाळलेली आहे. तेलानं रबर खराब होतं, हे हाफिजानंच सगळ्यांना शिकवलं होतं, म्हणून मी रोज सकाळी थेंबभरच घालते. तेल मुरेपर्यंत खाचेवर बोट ठेवून बसते. बोट हलकेच वर येतं, खाली जातं, वर येतं.

देवीला जायला हल्ली जरा उशीर होतो.