साडेअकरा तासांचं तर अंतर

चष्मेवाला विमानतिकिटांच्या ऑफिसात शिरला तो निव्वळ पावसापासून आडोसा म्हणून. पण काउंटरवरची मुलगी "कुठलं तिकीट?" म्हणून बघत राहिली, तेव्हा त्याने मित्र राहत होता त्या शहराचं नाव ठोकून दिलं.

"नऊ हजार चारशे किलोमीटर. थेट विमानाने साडेअकरा तास."

"एवढा वेळ बोलायचं कुणाशी?"

"शेजारच्याशी."

"शेजारी तुम्ही असलात तर...?"

"तर मी झोपेन," ती म्हणाली. पण हसू काही लपलं नाही.

त्यानंतर तिचा चष्मा दर आठवड्याला सैल होऊ लागला. तो दुकानात स्क्रू आवळून द्यायचा, दांडी कानामागे बसवताना त्याची बोटं जरा जास्तच रेंगाळायची. आतल्या खोलीतून त्याची आई विचारायची, "स्क्रू चष्म्याचा ढिला आहे, की कुणाच्या डोक्याचा?"

वर्षभराने मित्राने तिकडे भिंगांच्या कारखान्यात त्याच्यासाठी नोकरी बघितली. आईला सोडून जायला त्याचं मन होईना. काउंटरवरची ती मुलगीच म्हणाली, "जा रे. साडेअकरा तासांचं तर अंतर. काकूंकडे मी बघते. मग मलाही ने."

तो गेला. सातव्या महिन्यात, एका सकाळी, आई मोरीपाशी कोसळली. हॉस्पिटलातून मुलीने त्याला फोन लावला, मग थेट विमान शोधलं. ते दोन दिवसांनी होतं. दोनदा बदलून यायचं तर सव्वीस तास.

"तसाच नीघ," ती म्हणाली.

पहिलं विमान बदलताना त्याचा फोन आला, तो तिने काकूंच्या कानाशी धरला. दुसऱ्या दिवशी दुपारी काकू गेल्या. तेव्हा तो ढगांच्या वर कुठेतरी होता, फोन बंद. संध्याकाळी विमानतळाच्या दारातून तो बाहेर आला आणि तिचा चेहरा बघून तिथेच थांबला. तिला काही सांगावं लागलं नाही.

तीन आठवडे तो दुकान आवरत राहिला. एकदा विचारलं, "शेवटी काय म्हणाली?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण तिच्याने ते झालं नाही. "आला का, म्हणून विचारत होत्या."

त्याने हातातला खोका खाली ठेवला. "मी जाणार नव्हतो. तू म्हणालीस म्हणून..."

"माहीत आहे मला."

"चूक तुझी नाही, हे कळतं. पण तुझ्याकडे बघितलं की—"

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," ती म्हणाली. इतक्या दिवसांत हे दोघांनीही कधी तोंडाने म्हटलं नव्हतं.

"माझंही आहे," तो म्हणाला. "म्हणूनच तर जड जातंय."

तिकीट तिनेच काढून दिलं. एकट्याचं, परतीचं नसलेलं, थेट विमानाचं. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला— 'पोहोचलो'.

तिने 'बरं' लिहिलं, पुसलं... आणि काहीच पाठवलं नाही.