दुसरं जोडवं

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. ज्याच्या बाबतीत हे घडलं तो कौस्तुभ माझा सख्खा मावसभाऊ. आणि ते धातू शोधायचं यंत्र त्याला मीच घेऊन दिलं होतं.

मागच्या वर्षीचा मे महिना. रविवार, सकाळचे साडेदहा. हैदराबादजवळ, शंकरपल्लीच्या पुढचा एक तलाव, नाव मुद्दाम सांगत नाही. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. डोळे दिपतील असं ऊन होतं...

कौस्तुभ तारनाक्याला राहतो, रेल्वेच्या ऑफिसात नोकरी. समुद्राच्या लाटांत उभं राहून अंगठ्या-नाणी शोधणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघून त्याला खूळ लागलं होतं.

"हैदराबादेत समुद्र कुठून आणणार आहेस?" त्याची बायको मृण्मयी चिडवायची. ती पुण्याची.

"समुंदर नक्को. तलाव आहे की!"

उन्हाळ्यात पाणी मागे सरलं होतं. घाटापासून पन्नास पावलं तरी गुडघाभरच. त्याने हेडफोन चढवले. व्हिडिओत शिकवलेलं सगळं पाठ होतं. यंत्राची तबकडी तळापासून चार बोटं वर ठेवायची. सावकाश फिरवायची. पाय उचलायचे नाहीत, घसटत न्यायचे. आवाज आला की जाळीचं फावडं खाली घालायचं आणि गाळ धुऊन जाऊ द्यायचा.

पहिल्या तासात बाटल्यांची बुचं, दोन खिळे आणि पाच रुपयांचं नाणं. गडी खूश!

मग एक आवाज आला. बारीक, स्वच्छ...

जाळीत चांदीचं जोडवं होतं. एकच.

घाटावर हार-नारळ विकणाऱ्या गंगूबाईने ते लांबूनच पाहिलं.

"बाबू, नाणी घ्या कितीबी. पायातलं नक्को."

"काइकू?"

"इथं राख सोडतात. सवाष्णीच्या पायातलं राखेसंगं येतं. एक हिकडं, एक तिकडं. ती दुसरं शोधत असती. टाका तिथंच."

"हौ, हौ," म्हणत कौस्तुभ हसला आणि त्याने जोडवं खिशात टाकलं.

त्याला कारण होतं. मृण्मयीचं डाव्या पायातलं जोडवं झिजून तुटलं होतं. महिनाभर ती नवं आणू या म्हणत होती आणि हा आज-उद्या करत होता. त्याने ते चिंचेने घासून लखलखीत केलं आणि काचीगुड्याच्या सोनाराकडून आणलं म्हणून सांगितलं. वर स्वतःच्या हाताने तिच्या बोटात चढवलं. ती इतकी हरखली की तिने मला पायांचा फोटो पाठवला. तो अजून माझ्या फोनमध्ये आहे. उघडायची हिंमत होत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फरशीवर ओली पावलं दिसली.

सगळी डाव्या पायाची...

"पाय पुसत जा ना," कौस्तुभ म्हणाला.

"मी अजून बाथरूममध्ये गेलेसुद्धा नाहीये रे."

तिसऱ्या दिवशी तिचं बोट पांढरं पडलं. खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखं सुरकुतलं. जोडवं निघेना. साबण, तेल, दोरा, सगळं झालं. सोनाराने कातर लावली तर कातरीलाच खाच पडली. आठवडाभरात पाय घोट्यापर्यंत गार झाला. डॉक्टर म्हणाले, बोट कापावं लागेल. मृण्मयी ओक्साबोक्शी रडली, आणि हा माणूस तेव्हाही गप्प बसला. मला त्याचा सगळ्यात जास्त राग येतो तो या गप्प बसण्याचा.

त्या दुपारी ती झोपली असताना त्याने यंत्र सुरू केलं आणि तबकडी तिच्या पायांवरून फिरवली. डावं जोडवं वाजलं. उजवं वाजलं.

मग तबकडी पलंगाच्या मोकळ्या बाजूला गेली. लाकडी पलंग. तिथं कोणीच नव्हतं...

तिथंही वाजलं. एकदाच.

रविवारी तो तिला तलावावर घेऊन गेला. देवाचं पाणी आहे, पाय बुडव, बरं वाटेल, असं आणखी एक खोटं सांगून. हात धरून त्याने तिला गुडघाभर पाण्यात नेलं.

आणि जोडवं आपोआप सुटून पाण्यात गेलं.

"निघालं रे! निघालं!" मृण्मयी हसली. आठवड्यात पहिल्यांदाच.

त्याला भरून आलं. नेमकी तेव्हाच त्याला खरं बोलायची बुद्धी झाली. त्याने सगळं सांगितलं.

तिचं हसू गेलं. "मेलेल्या बाईचं... माझ्या पायात घातलंस?"

तिने त्याच्या हातातून हात हिसकावून घेतला.

एक पाऊल मागे सरकली. एकच...

गुडघाभर पाण्यात मृण्मयी दिसेनाशी झाली. ओरडलीसुद्धा नाही.

पाणबुडे तीन दिवस शोधत होते. काही मिळालं नाही. गंगूबाई आपली टोपली आवरताना कौस्तुभला एवढंच म्हणाली, "मी म्हणले होते टाका. तुमी पायासकट दिलं."

तो आजही दर रविवारी तिथं जातो. मृण्मयीच्या उजव्या पायात तिच्या आईने दिलेलं जोडवं होतं. तो आवाज त्याला शोधायचाय. आवाज येतो म्हणे, पण फावडं घातलं की पुढे सरकतो.

गेल्या रविवारी त्याचा फोन आला. त्याने हेडफोन काढून फोनला लावला.

"ऐक."

टुण...

टुण...

एक जरा बारीक, एक जरा जाड. पावलं टाकल्यासारखे.

"येतेय रे ती. माझ्याकडेच येतेय!" तो रडत रडत हसत होता. वर्षभरात मी त्याला इतकं आनंदात पाहिलं नव्हतं.

पण मृण्मयीच्या डाव्या पायात काहीच उरलं नव्हतं. मग दोन्ही पाय वाजवत कोण येत होतं?

हे मी त्याला सांगायला हवं होतं. मीही गप्प बसलो.

उद्या पुन्हा रविवार आहे.