गणूची गिटार

कमळाकर त्या दिवशी उरणला गेला तो फक्त एक गिटार बघायला. सकाळची एस.टी., जासईपासून दोन्ही बाजूंना मिठागरं, खाडीचा खारट वास, मांडीवर बायकोने बांधून दिलेली भाकरी. त्यात भिण्यासारखं काय होतं?

पनवेलला तो भाताच्या गिरणीत कामाला होता आणि लग्नसराईत बेंजो पार्टीत वाजवायचा. सदुसष्ट साली आपट्याला एका हळदीत मुंबईची पार्टी आली होती. तिच्यात एकाकडे विजेची गिटार होती. तिचा तो लांबत जाणारा, पाण्यावरून आल्यासारखा सूर ऐकला आणि कमळाकराचं बेंजोवरचं मन उडालं. जेवताना बोटं ताटावर वाजत, झोपेत पांघरुणावर. नवी गिटार त्याच्या ऐपतीबाहेरची. मग कळलं, उरणच्या कोळीवाड्यात गुणाबाईकडे एक जपानी गिटार पडून आहे. तिचा मुलगा गणू बोटीवर खलाशी होता, त्याने आणलेली. स्वस्तात देईल.

गुणाबाईने गिटार गोधडीत गुंडाळून आणली. तांबडी, कडांना काळपट. मधोमध भरीव लाकूड, दोन्ही बाजूंना पोकळ, आणि वर दोन वळणदार भोकं. दोन्ही भोकांत चिंध्या ठासून भरलेल्या.

आत अंधारात भिंतीकडे तोंड करून एक तरुण बसला होता.

"हाच गणू काय, मावशे?"

"हाच."

"गणूभाऊ, एकदा वाजवून दाखवशील?"

तरुण वळला. त्याने तोंड उघडलं. ओठ हलले, जीभ हलली, पण आवाज म्हणून आला नाही; नुसता श्वास. मग गिटारीकडे लक्ष जाताच त्याने पाय पोटाशी घेतले.

"वाचा गेली त्याची," गुणाबाई हळूच म्हणाली. "डॉक्टर झालं, देवरुषी झालं... ने तू. माज्या नजरंसमोरून ने."

पनवेलच्या बाजारात धर्मराजचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने गिटारीचं मागचं झाकण काढलं आणि भुवया वर केल्या.

"कमळ्या, ह्या वायरी तुटलेल्या नाहीत रे. कापल्यात. चाकूने."

"आणि ह्या चिंध्या?"

"त्या बरोबर आहेत. पोकळ गिटार भोंग्यासमोर धरली की शिट्टी मारते, म्हणून बोळे कोंबतात. पण आवाज दबणार."

दबलेला आवाज कमळाकराला नकोच होता. त्याने स्वतः बोटं घालून चिंध्या ओढल्या. लुगड्याची लांबच लांब पट्टी निघत राहिली. ती संपली तेव्हा भोकातून उबट वास आला. माणूस बराच वेळ तोंड मिटून बसला की येतो तसा. कमळाकराने तोंड फिरवलं. पण गिटार खाली ठेवली नाही.

त्यानंतर त्याला चैन म्हणून उरली नाही. आज खुंट्या बदल, उद्या तारा. लॅमिंग्टन रोडवरून तारांचा आवाज टिपणारा नवा पिकअप आणला. सुताराकडून तारांखालची शिसवी घोडी करून घेतली. दर बदलानंतर गिटार गोड वाजे, आणि दर वेळी त्याला वाटे, अजून थोडं उरलंय. त्याची बायको शांती जेवायला हाका मारून थके.

नवा पिकअप बसवला त्या दुपारी धर्मराज भोकाशी वाकून म्हणाला, "हॅलो, हॅलो." भोंग्यातून त्याचा आवाज खणखणीत आला. "माइकसारखं धरतंय बघ!" तो खूश झाला.

दुसऱ्या दिवशी धर्मराजचा घसा बसला. आठवड्यात तो कुजबुजण्यावर आला. वायरींना कथलाचा डाग देताना धूर जातो नाकातोंडात, असं त्याने पाटीवर लिहून दाखवलं. कमळाकराने मान डोलावली आणि घरी येऊन वाजवत बसला.

शांती धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे विधीची गाणी, गायला तिलाच बोलावणं. तिचा आवाज लागला की मांडवातली पोरंसुद्धा गप्प बसत. एका संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता ती गुणगुणत होती, आणि कमळाकर वाजवायचा थांबला तरी गाणं भोंग्यातून येतच राहिलं. शांतीचंच, पण तिच्याहून गोड.

"अवो, बंद करा तं," ती म्हणाली. "कायतरी ओढल्यावानी होतंय घशात."

"अजून एकदा म्हण ना. एकदाच."

तिने म्हटलं. दुसऱ्या दिवशीही म्हटलं. तिसऱ्या दिवशी तिचा आवाज चिरका येऊ लागला, ते कमळाकराने ऐकलं. ऐकूनही तो म्हणाला, "अजून एकदा."

मग जासईची हळद आली; वाजवायला कमळाकराची पार्टी, गायला शांती. मांडव भरला होता. शांतीने हळदीची वाटी हातात घेतली, डोळे मिटले, तोंड उघडलं. नुसता श्वास. तिने पुन्हा प्रयत्न केला. मानेच्या शिरा फुगल्या, डोळ्यांत पाणी आलं.

आणि धवला सुरू झाला.

गिटार खुर्चीला टेकवून ठेवलेली होती. कोणाचा हात तिच्यावर नव्हता. भोंग्यातून शांतीचा आवाज स्वच्छ, न थांबता, श्वासही न घेता गात होता. मांडव डोलू लागला. बायका म्हणाल्या, काय गळा आहे! शांती एकटीच त्या गिटारीकडे बघत होती, दोन्ही हातांनी गळा धरून.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कमळाकर गुणाबाईला उरणहून घरी घेऊन आला. गणूची वाचा गेली तरी गिटारीतून त्याचा आवाज यायचा, म्हणून तिनेच वायरी कापल्या आणि चिंध्या कोंबल्या, हे तिचं सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "फोडून टाकतो मावशे. कोयता काढलाय."

"नको रे बाबा!" तिने त्याचे हात धरले. "माज्या गणूचा आवाज हाय तिच्यात. फोडलास आन् तो मेला तं? एकदा ऐकव मला. मंग काय करायचं तं कर."

शांती दारात उभी होती. धर्मराजही आला होता, गळ्याला पंचा गुंडाळून. भर दुपारी कमळाकराने भोंग्याचं बटण दाबलं. आधी नुसती घरघर. गुणाबाईला बोलायचं नाही असं त्याने बजावलं होतं. ती पदर तोंडात धरून बसली होती.

घरघरीतून कोणीतरी खाकरलं.

"आये..."

गुणाबाईचे खांदे हलले.

"आये... इथं मानसां लय हायत गो."

मग अगदी जवळून, कानाला लागून बोलावं तसं,

"सगली म्होरल्या मानसाची वाट बगतान. बोलू नको, आये... तुजा पन आवाज घेतील..."

गुणाबाईने तोंडातला पदर काढला नाही. फोड म्हणून तिने नुसती मान हलवली. कमळाकराचा हात मात्र कोयत्याकडे जाईना. इतके महिने तासून, घासून, डाग देऊन त्याने ती गिटार घडवली होती. शांती पुढे झाली. तिने त्याच्या हाताशी पडलेला कोयता उचलला आणि गिटारीच्या पोटावर घातला. लाकूड फुटताना आवाज झालाच नाही. वार बसत होते, ढलप्या उडत होत्या, आणि घर मुकं होतं. शेवटची तार तुटली तेव्हा कुठे बाहेरच्या कावळ्याची कावकाव ऐकू आली.

तुकडे त्यांनी खाडीच्या काठी जाळले.

पंधरवड्यात धर्मराज दुकानात पुन्हा आरडाओरडा करू लागला. उरणहून निरोप आला, गणू बोलला, आईकडे मासळीचं कालवण मागितलं. शांतीचा आवाजही परतला. पुढल्या लग्नात तिने धवले गायले, आणि लोक म्हणाले, आवाज काही बदलला नाही. खरंच बदलला नव्हता. बोलणं तिचं, गाणं तिचं, रागावणंसुद्धा तिचंच.

फक्त एकदा, गौरीच्या दिवसांत, शेजारणीने काहीतरी गंमत सांगितली आणि शांती हसली. ते हसू एका म्हाताऱ्या पुरुषाचं होतं. शांतीनेच दचकून तोंडावर हात ठेवला.

तेव्हापासून कमळाकर घरात तिला हसू येईल असं काही बोलत नाही. झोपेत कधीकधी तिच्या ओठांचे कोपरे हलतात. तेव्हा तो घाईघाईने तिला उठवतो.