एका गुंड्याची दोन टोकं

माझी लोकर अडली म्हणून मी ओढली, तर समोरच्या बाकावरचा उंच माणूस कळवळला. “अहो… माझे टाके निसटले.”

आम्ही दोघं लोकरीच्या एकाच गुंड्यातून विणत होतो. मी बाहेरच्या टोकाने, तो आतल्या! मधली लोकर संपली तेव्हा आमच्यात ताणलेला एकच धागा उरला.

“आता उसवायचं कुणी?” मी विचारलं.

“लोकर चोरलीत तुम्ही. पण चेहरा असा पाडलात की… मीच उसवतो.”

कितीतरी दिवसांनी मी हसले.

मी रेडिओवर बातम्या वाचायचे. एका सकाळी वाचता वाचता छातीत धडधडलं आणि माझा आवाजच फुटेना. तेव्हापासून माइक दिसला की दरदरून घाम यायचा. औषधं चालू होती. “हातांनाही काहीतरी काम द्या,” डॉक्टर म्हणाले, आणि वहिनीने मला जवळजवळ ओढतच वाचनालयाच्या माडीवरच्या या विणकामाच्या वर्गात आणून बसवलं.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. वडील गेल्यापासून घर खायला उठतं, म्हणून इथे येऊन बसायचा. विणायचा अगदी वाईट, गप्पा मात्र छान मारायचा; त्याला मी माइकची भीतीही सांगून टाकली. त्याच्याशेजारी सुया चालवताना माझा श्वास आपोआप संथ व्हायचा, आणि वर्गाचा दिवस कधी येतो असं मला होऊन जायचं.

एकदा शिकवणाऱ्या बाई चष्मा विसरून आल्या. नमुना वाचणार कोण? त्याने पुस्तक सरळ माझ्यापुढे सरकवलं. “तुम्ही वाचा ना. माझे हात गुंतलेत.”

“दोन सुलट… दोन उलट…” मी चाचरत सुरुवात केली. ओळीमागून ओळ वाचत गेले. मान वर केली तर सगळ्यांच्या सुया माझ्या आवाजावर चालल्या होत्या, आणि तो विणायचं सोडून माझ्याकडे बघत होता.

“काय झालं?”

“काही नाही. वाचा तुम्ही.”

त्याच आठवड्यात मी रेडिओवरच्या साहेबांना सांगितलं, सोमवारचं बातमीपत्र मी वाचते. या वेळीही जमलं नाही, तर माइक कायमचा सुटणार होता.

सोमवारी वाचन संपवून मी रेडिओ केंद्राबाहेर आले. वर्गात मी सोमवारचं सांगितलं होतं; पायरीवर तो उभा होता, खांद्यावर हत्यारांची पिशवी आणि कानात इअरफोन.

“मध्येच थांबलात… माझा जीव टांगणीला लागला होता.”

“घसा कोरडा पडला. पाणी प्यायले आणि पुढे वाचलं.”

“पुढे वाचलंत, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.”

मलाही इतकं हलकं वाटत होतं की बोलूनच गेले, “मला तुम्ही आवडता.”

त्याचे कान लाल झाले. “हे… पुन्हा एकदा वाचाल?”

“हातात कागद नाही.”

“मग न बघता सांगा.”

मी सांगितलं. आवाज जराही थरथरला नाही.