रिकाम्या आभाळाचा काटा

शुक्रवारी भिवंडीत माग बंद असतात. एरवी आमच्या भिंतीला लागूनच जब्बारच्या कारखान्यात खटाखट चालू, बोलायचं तर ओरडूनच. म्हणून माझा आवाज असा. लोक म्हणतात बायजाबाई तोंडाळ. म्हणू देत. नवरा गेल्यावर याच तोंडावर मी घर उभं ठेवलं आणि माधवला वाढवलं.

माधव रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. चौऱ्याण्णव साली त्यानं गच्चीवर मोठी छत्री बसवली आणि खाली टीव्हीशेजारी रिसिव्हर. त्याला एक काट्याचा मीटर जोडला. लांबच्या उपग्रहाचं चित्र इतकं अशक्त यायचं की पडद्यावर नुसत्या मुंग्या. किती येतंय ते काट्यावरच कळायचं. मागांच्या मोटरी चालू असल्या की काटा थरथरायचा, म्हणून हे काम शुक्रवारी दुपारी. तो वर छत्री फिरवणार, मी खाली काटा वाचणार. शाळा माझी तिसरीतच सुटली, पण दहापर्यंतचे आकडे मला कुणी शिकवायला नकोत.

वरून तो विचारायचा, "काटा गं, काटा?"

दोनदा. आमच्या घरात हाक दोनदाच मारतात. एकदाच आलेल्या हाकेला ओ द्यायची नाही, ती माणसाची नसते. हे मला सासूनं सांगितलं आणि मी माधवला, तो पाळण्यात असल्यापासून.

"तीन," मी खालून ओरडायची.

जब्बारची बायको जोहरा खिडकीतून हसायची. "काकू, तुमचा आवाज तर असाच आभाळात जातो. छत्री कशाला बसवलीत?"

"तुझे कान मागांनी गेलेत, तुला तरी पोचू दे म्हणून," मी म्हणायची.

मोजायच्या आधी माधव छत्री वज्रेश्वरीच्या बाजूला वळवायचा. तिकडं कुठलाच उपग्रह नाही, म्हणाला. रिकाम्या आभाळाचा काटा आधी बघायचा, त्यावरून खऱ्याचा ठरवायचा. रिकाम्याचा काटा एकवर मेल्यासारखा पडून असायचा.

गणपती झाल्यावर तो दोनवर आला. पुढच्या शुक्रवारी तीनवर.

"नीट बघ, आई."

"मी नीटच बघते. तू नीट फिरव."

खाली येऊन त्यानं सगळ्या वायरी सोडून पुन्हा जोडल्या. चूक सापडली नाही. मग खरे उपग्रह राहिले बाजूला. शुक्रवार आला की हा रिकाम्या आभाळाकडं छत्री करून बसायचा. जेवायला बोलावलं तरी नजर तिकडंच.

त्या बाजूला गच्चीला कठडा नव्हता. खाली कारखान्याचे सिमेंटचे जुने पत्रे. पाय पडला तर थेट मागांच्या लोखंडावर. "आधी कठडा बांध, मग छत्रीला हात लाव," मी बजावून थकले. "बांधतो गं," म्हणायचा. एकुलता एक माझा.

दसऱ्यानंतरचा शुक्रवार. गल्लीतले पुरुष नमाजाला गेलेले, सगळं चिडीचूप.

"काटा गं, काटा?"

"चार."

"काटा गं, काटा?"

"सहा."

पडद्यावरच्या मुंग्या एका बाजूला सरकल्या. खरखर बसली. आत कुणीतरी बोलत होतं, विहिरीच्या तळातून बोलल्यासारखं. मी आवाजाचं बटण पिळलं.

"तीन," टीव्हीतली बाई म्हणाली. "मी नीटच बघते. तू नीट फिरव."

ते माझं बोलणं होतं. ठसकाही माझाच.

काटा नऊवर गेला.

मग टीव्हीतला माझा आवाज म्हणाला, "माधव. माधव. इकडं ये बाळा."

बाळा मी त्याला जन्मात म्हटलं नव्हतं.

वरून उत्तर आलं. "आलो, आई."

ओरडायला मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कोणत्या आवाजानं थांबवणार होते त्याला?

वाजू नयेत म्हणून पाटल्या मुठीत दाबून जिना चढले.

तो अगदी कडेला उभा होता. एक चप्पल खाली पत्र्यांवर पडलेली. तोंड वज्रेश्वरीकडं, आणि हसत होता. त्यानं अनवाणी पाय उचलला.

मी मागून सदरा धरला आणि सगळ्या अंगानिशी ओढला. दोघं गच्चीवर पडलो.

तो माझ्याकडं बघत राहिला. मग त्या रिकाम्या बाजूला.

"दोनदा होती गं हाक," म्हणाला. "तू समोरच उभी होतीस. बाळा म्हणालीस."

छत्री त्याच दिवशी उतरवली.

तेव्हापासून आमच्या घरात कुणी हाक मारत नाही. माधवशी बोलायचं असलं तर मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहते. तो आधी माझ्या पायांकडं बघतो, पावलं सुलटी आहेत ना. मगच ओ देतो. पोटच्या पोरानं आईची अशी पारख करावी, याचा संताप येतो. पण गिळते. जिवंत आहे ना समोर.

काल शुक्रवार. माग बंद होते. पान वाढून मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यानं पायांकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. ओ दिली नाही. माझ्याकडं पाठ न करता, भिंत चाचपत मागं मागं सरकत दाराबाहेर गेला.

मी अजून खाली बघितलेलं नाही.