आवृत्ती शून्य

लोखंडी कपाटाला चार खण होते. वरच्या तीन खणांत मिळून २,३१६ कार्डं, सगळी एकाच मापाची, पोस्टकार्डापेक्षा थोडी जाड. चौथ्या खणात एक भिंग, एक स्क्रू गेज आणि दोऱ्याची एकवीस रिळं: लाल सहा, हिरवी पाच, पांढरी पाच, निळी चार, पिवळं एक, न उघडलेलं. पिवळ्या रिळावरचं लेबल फाटलेलं नव्हतं.

ही मोजणी मी फेब्रुवारी १९९९ मध्ये दोनदा केली. दोन्ही वेळा आकडा तोच आला.

कपाट ज्या ऑफिसात होतं ते जालन्यातल्या एका लहान बियाणे कंपनीच्या शेतावर, वडीगोद्रीच्या अलीकडे. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. आणि वर्षभराचा संगणकाचा कोर्स एवढ्या भांडवलावर मला तिथं घेतलं होतं. कंपनीचे पैदासकार साहेबराव यांनी अठरा वर्षं कापसाच्या संकराच्या नोंदी या कार्डांवर ठेवल्या होत्या. १९९७ मध्ये ते वारले. कार्डं संगणकात घालायची आणि ती वापरता येतील असा प्रोग्रॅम लिहायचा, हे माझं काम. दिवाळीनंतर कार्डं रद्दीत जाणार होती, कारण मालक शिवनारायणजींना कपाट दुसरीकडं हवं होतं.

"कागद गेला की कम्प्युटरमधे जे हाय तेच बराबर धरायचं," ते पहिल्याच दिवशी म्हणाले. "म्हणून सावकाश करा. पण जल्दी करा."

साहेबरावांचे नियम कडक होते. खोडरबर वापरायचा नाही. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचा शब्द वाचता आला पाहिजे, बाजूला तारीख आणि सही. आणि एका नोंदीचा दुसरीशी संबंध असेल तर समासात लिहायचं: 'पाहा ४१२'.

माझ्या प्रोग्रॅमचा आराखडा यातूनच आला. प्रत्येक कार्डाच्या आवृत्त्या. बदल केला की नवी आवृत्ती तयार होणार, जुनी जागेवर राहणार. खोडण्याची सोय मी मुद्दाम ठेवलीच नाही. आवृत्त्यांचे क्रमांक एकपासून सुरू.

अडलं ते 'पाहा'पाशी. १९८७ सालचं कार्ड म्हणतं, पाहा ४१२. पण ४१२ मध्ये १९९० साली दुरुस्ती झालेली. मग त्या दुव्यावरून काय उघडायचं, आजचं ४१२ की साहेबराव लिहीत असताना त्यांच्या डोळ्यांसमोर होतं ते? शिवनारायणजी म्हणाले, आखरीवालं दाखवा. मी तीन आठवडे विचार केला आणि उलट ठरवलं. दुवा ज्या तारखेचा, त्या तारखेला अस्तित्वात असलेली शेवटची आवृत्ती उघडायची. त्या तारखेला कार्डच नसेल तर पडद्यावर ओळ यायची: 'त्या तारखेला हे कार्ड नव्हते.'

विचार करायला वेळ भरपूर होता. मी राहायचे जुन्या जालन्यात, धान्याच्या एका दुकानावरच्या खोलीत. सकाळी एसटीनं शेतावर, संध्याकाळी परत. एकदा मी दिवसभरात बोललेले शब्द मोजले होते. एकशे चाळीस भरले. त्यातले नव्वद तरी दुर्गाबाईंशी.

दुर्गाबाई शेतावरच्या सगळ्यांत जुन्या. संकराचं काम चौघी बायका करत. दुपारी उद्या उमलणाऱ्या कळ्या निवडायच्या, अंगठ्याच्या नखानं पाकळ्या आणि पुंकेसर सोलून काढायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर नर झाडाचं फूल फिरवायचं. एखादा पुंकेसर राहिला तर फूल स्वतःचंच बी धरतं आणि संकर बिघडतो. म्हणून प्रत्येक बाई आपल्या कळीच्या देठाला आपल्या रंगाचा दोरा बांधायची. चूक कुणाची ते नंतर कळावं, यासाठी. दुर्गाबाईंचा दोरा लाल. पिवळा कुणाचाच नव्हता.

दुपारच्या सुट्टीत त्या ऑफिसातल्या माठाचं पाणी प्यायला येत आणि दारातच उभ्या राहत.

"ताई, त्या कार्डाची बारी आली का?"

"कुठल्या?"

"माझ्या सुनंच्या. नंदाच्या."

कार्ड ११८४. तारीख ११ सप्टेंबर १९९१. साहेबरावांच्या बारीक अक्षरात: 'रांग १४. कळ्या तपासल्या १००. पुंकेसर शिल्लक १४. दोरा – पिवळा. कामावरून कमी केले.' पुढच्या तेवीस कार्डांवर 'पाहा ११८४' होतं. नंदाबाईंना काढल्यावर त्या ऊसतोडीला गेल्या आणि तिकडं फडात पान लागून वारल्या. सापाचं नाव दुर्गाबाईंनी घेतलं नाही. तेव्हापासून चौदाव्या रांगेत कुणी संकर करत नसे. मादी वाणाचं बी राखायला ती मोकळी, म्हणजे कळ्या न सोलता, सोडायची, असा शिरस्ता पडला होता.

"तिचं नाव काढता येईल का त्याच्यातून?" दुर्गाबाई विचारत. "कागद तर चाललाच हाय."

"पुराव्याशिवाय नाही काढता येणार."

"डावखुरी व्हती. पन हात असा साफ, सायब दुसऱ्या बायांना दाखवायला घेऊन यायचे." मग पदरानं तोंड पुसून त्या निघून जात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. मला तो प्रश्न हवासा वाटू लागला होता, हे मी कबूल करते.

ऑगस्टच्या २३ तारखेला मी दुवे तपासत होते. कार्ड ११७९ वर २ सप्टेंबर १९९१ ही तारीख होती आणि समासात 'पाहा ११८४'. म्हणजे साहेबरावांनी तो दुवा मागाहून लिहिला आणि तारीख घालायची राहिली. प्रोग्रॅमच्या हिशेबानं दुवा दोन तारखेचा, कार्ड अकराचं. पडद्यावर 'नव्हते' अशी ओळ यायला हवी होती.

कार्ड उघडलं. वर लिहिलं होतं: आवृत्ती ०. तारखेची जागा मोकळी. खाली मजकूर नाही.

मला भीती वगैरे वाटली नाही. कोरी तारीख सगळ्यांत आधीची धरली जाते, म्हणून प्रोग्रॅमनं ती आवृत्ती निवडली, हे लगेच कळलं. ती आली कुठून एवढंच शोधायचं होतं. मी प्रोग्रॅमची एकसष्ट पानं छापून ओळ न ओळ वाचली. शून्य क्रमांक कुठंच तयार होत नव्हता. संगणकातला घड्याळाचा सेल बदलला.

२६ तारखेला आवृत्ती शून्यमध्ये एक ओळ होती. 'रांग १४. कळ्या तपासल्या १००.'

ऑफिसची एकच किल्ली होती आणि ती माझ्या पर्समध्ये असायची. वीस ऑगस्टला, म्हणजे हे सगळं सुरू होण्याआधी, मी सगळ्या नोंदींची एक प्रत फ्लॉपीवर घेऊन जालन्याच्या खोलीत ठेवली होती. ती आणून लावली. तिच्यातही आवृत्ती शून्य होती. तिच्यात दोन ओळी होत्या. दुसरी: 'पुंकेसर शिल्लक १४.'

त्या आठवड्यात मी वाफ्यांकडं जास्त जाऊ लागले. उन्हात, माणसांत बरं वाटायचं. दुर्गाबाईंची रांग तेरावी. त्या कामाला लागल्या की ओठ हलायचे.

"कुनाशी बोलून राह्यल्या, बाई?" चौघींतल्या पुष्पाबाई पलीकडून ओरडल्या. "तिकडली रांग मोकळी हाय!"

"तू तुझ्या कळ्या बघ," दुर्गाबाई म्हणाल्या. "अर्ध्या सोडून चाललीस."

बाकीच्या हसल्या. दुर्गाबाईंनी मान वर केली नाही.

३० ऑगस्टला तिसरी ओळ आली. 'दोरा –' आणि पुढं काही नाही.

३१ ला शब्द आला. लाल.

मी मूळ कार्ड काढलं. 'पिवळा' हा शब्द स्वच्छ होता, कुठं रेघ नाही. कार्ड खिडकीच्या काचेला लावून पाहिलं. त्या शब्दामागून उजेड जास्त येत होता. चौथ्या खणातला स्क्रू गेज घेतला. कार्डाची जाडी चार ठिकाणी मोजली: ०.२४ मिलिमीटर, चारही वेळा. 'पिवळा' या शब्दाखाली: ०.१९.

खोडरबर न वापरणाऱ्या माणसानं ब्लेड वापरलं होतं. रेघ न मारता, सही न करता.

दुसऱ्या दिवशी दुर्गाबाई आल्या, पाणी प्यायल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

"ताई, त्या कार्डाची बारी..."

"आत या. बसा."

त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, खाली फरशीवर बसल्या. मी कार्ड पुढं धरलं. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्या त्याच शब्दाकडं बघत होत्या.

"इथं आधी लाल होतं," मी म्हणाले.

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी घमेलं आपटलं.

"कोनी सांगितलं?"

मी कार्ड टेबलावर ठेवलं.

"माझी नजर कमी झाल्ती," त्या म्हणाल्या. "मोतीबिंदू. पुढल्या साली शिबिरात आपरेशन झालं, तवर काय दिसतंय? त्या दिशी चौदावी रांग मीच केल्ती. सायबानं तपासलं अन् लिव्हलं. मंग मी त्यांच्या पाया पडले. म्हन्लं, मला काढलं तर आंधळीला कोन काम देईल? ती तरनी हाय. तिला कुठंबी भेटंल."

"मग?"

"त्यांनी ब्लेड घेतलं. मी हितंच हुबी व्हते."

"आणि नंदाबाई?"

"तिनं काय इचारलं न्हाई. उरलेला दोरा टेबलावर ठिवला अन् गेली." त्यांनी अंगठ्याचं काळं पडलेलं नख दुसऱ्या हातात झाकलं. "आठ वर्सं झाली. आता कागद चालला म्हन्ल्यावर जीव ऱ्हाईना. मला वाटलं, तिचं नाव तेवढं निघालं तर माझं कशाला सांगायचं."

"नाव काढता येत नाही, दुर्गाबाई. दुरुस्ती करता येते. पण त्यात तुमचं लिहावं लागेल. शिवनारायणजी वाचतील."

त्या उठल्या. दारापर्यंत गेल्या. तिथून शेताकडं पाहत राहिल्या. मला वाटलं, जातील.

"मंग लिव्हा," त्या म्हणाल्या. "लाल लिव्हा."

मी 'पिवळा'वर एकच रेघ मारली, बाजूला 'लाल' लिहिलं, तारीख घातली, सही केली. दुर्गाबाईंनी खाली अंगठा दिला. मग संगणकात कार्ड ११८४ ची आवृत्ती २ तयार केली. 'दोरा – लाल. नंदाबाईंची चूक नाही. सांगणार: दुर्गाबाई.'

त्यानंतर मी ११७९ वरून दुवा उघडला.

'त्या तारखेला हे कार्ड नव्हते.'

फ्लॉपी लावली. तीच ओळ. माझ्या प्रोग्रॅममध्ये खोडण्याची सोय नव्हती.

शिवनारायणजींनी दुरुस्ती वाचली. "आठ साल झाले," ते म्हणाले, आणि मग, "बाईंना राहू द्या." दुर्गाबाई राहिल्या, पण दुपारी पाणी प्यायला आल्या नाहीत. मी माठ रोज भरून ठेवत होते. बोललेले शब्द मोजणं मी सोडून दिलं.

सप्टेंबरभर त्या तेराव्या रांगेतच होत्या. आता त्यांचे ओठ हलत नसत. अधूनमधून त्या हात थांबवून चौदाव्या रांगेकडं कान देत, आणि पुन्हा कामाला लागत.

नोव्हेंबरमध्ये वेचणी झाली. चौदावी रांग मी स्वतः वेचली, कारण ते मादी वाणाचं बी वेगळं राखायचं होतं. बोंडं ६१२. त्यांतल्या ५७१ बोंडांना दोरा नव्हता, नसणारच. ४१ बोंडांच्या देठांना पिवळा दोरा होता. उन्हानं उडालेला रंग, घट्ट गाठ. एक्केचाळीसही गाठी डाव्या हाताच्या होत्या.

मी ऑफिसात येऊन चौथा खण उघडला. पिवळ्या रिळावरचं लेबल फाटलेलं नव्हतं.

मी कुणाला काही सांगितलं नाही. दोन्ही प्रकारचं बी वेगळ्या पाकिटांत ठेवलं. आमच्या नर वाणाच्या पाकळीला तळाशी लाल ठिपका असतो, मादी वाणाला नसतो. नीट संकर झाला असेल तर येणाऱ्या प्रत्येक झाडाच्या फुलात तो ठिपका येतो. पुढच्या जूनमध्ये दोन्ही पाकिटांतलं बी शेजारी शेजारी लावलं आणि ऑगस्टमध्ये फुलं धरल्यावर दोन दिवस मोजणी केली. नोंद कार्ड २,३१७ वर आहे. आवृत्ती १.

चौदावी रांग, बिनदोऱ्याची बोंडं: झाडं ४००, ठिपका असलेली ३.

चौदावी रांग, पिवळा दोरा: झाडं ४००, ठिपका असलेली ४००.